शहाचा इराण: आधुनिकता नडली की एकाधिकारशाही?

गच्चीवरचा_गप्पिष्ट

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सॅपवर तो फोटो येतोच. सत्तरच्या दशकातलं तेहरान, मिनीस्कर्ट घातलेल्या कॉलेजच्या मुली. शेजारी काळ्या चादरीतल्या बायकांचा फोटो आणि खाली मजकूर, 'बघा, काय होतं नि काय झालं!' परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला आणि दोन ज्येष्ठ नागरिकांत जुंपली. एक म्हणाले, लोकांना झेपतील त्याहून जास्त सुधारणा लादल्या की हे असंच व्हायचं. दुसऱ्यांचं मत, शहा आणखी थोडा कडक वागला असता तर मुल्लांची हिंमतच झाली नसती.

मला दोन्ही पटत नाही. ज्यांना इतिहास माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. १९२१ मध्ये रझा खान या लष्करी अधिकाऱ्याने उठाव केला आणि १९२५ मध्ये काजार घराणं बाजूला सारून स्वतःच शहा झाला. १९४१ मध्ये ब्रिटिश-सोव्हिएत फौजा घुसल्या, त्याला गादी सोडावी लागली आणि २१ वर्षांचा मुलगा महंमद रझा गादीवर बसला. १९५१ मध्ये मोसादेग पंतप्रधान झाले, त्यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण अमलात आणलं. १९५३ मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश हेरखात्यांनी त्यांना उलथवलं. तिथून पुढची २५ वर्षं शहा म्हणेल ती पूर्व दिशा.

माझं म्हणणं असं की या २५ वर्षांत शहाने देशातली बाकी सगळी दारं बंद केली. पक्ष मोडले, वृत्तपत्रांना वेसण घातली, कामगार संघटना सरकारी करून टाकल्या. मशिदीचं दार तेवढं उघडं राहिलं. मग चिडलेला माणूस जाणार कुठे? तेव्हा खापर सुधारणांवर फोडू नये. मंडळींना काय वाटतं?

बनमस्का

पहिला! पॉपकॉर्न कशाला, इराण्याकडे बसूनच वाचतोय.

खडूस_मास्तर

विषय चांगला आहे, पण सुधारणा आणि त्या आणण्याची रीत या दोन गोष्टी इतक्या सहज वेगळ्या होत नाहीत. थोरल्या शहापासून बघा.

रझा शहाने १९२८ मध्ये पुरुषांच्या पोशाखाचा कायदा केला: अंगात कोट, डोक्यावर 'पहलवी टोपी'. ती अंगवळणी पडते न पडते तोच १९३५ मध्ये फर्मान निघालं की आता युरोपियन हॅट घाला. कडा असलेली हॅट घालून नमाजात कपाळ जमिनीला टेकवायचं कसं, हा साधा प्रश्न कुणी विचारात घेतला नाही. त्याच वर्षी मशहदच्या गोहरशाद मशिदीत लोक निषेधाला जमले आणि फौजेने आत शिरून गोळ्या घातल्या. शियांचे पूज्य इमाम रझा यांच्या दर्ग्याला लागून असलेली मशीद आहे ही. त्या जागेचं महत्त्व इराणी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

जानेवारी १९३६ मध्ये बायकांच्या बुरख्यावर बंदी आली. पोलीस रस्त्यात चादरी ओढून काढायचे, फाडायचे. परिणाम काय? कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. तेव्हा बहुतेक घरांत न्हाणीघर नसे, आंघोळीला सार्वजनिक हमामात जावं लागे. तर बायका रात्री गच्च्यांवरून लपत-छपत हमामात जात, अशा आठवणी लोकांनी लिहून ठेवल्या आहेत. ज्यांना 'मुक्त' करायचं होतं त्याच घरात कोंडल्या गेल्या.

१९४१ मध्ये बाप गेला, सक्ती सैल झाली आणि बऱ्याच जणींनी चादर पुन्हा घेतली. १९७८ च्या मोर्चांत तर जीन्स घालणाऱ्या विद्यापीठातल्या मुलीही शहाच्या निषेधापोटी चादर घेऊन उतरल्या. हे बीज कुठून आलं? तर १९३६ मधून.

शेवंती_डी

मास्तर, माहिती बरोबर आहे, पण या धाग्यावर दोन पुरुषांनी बायकांच्या कपड्यांवर चर्चा करून विषय संपवायच्या आत मी येते.

शहाच्या काळात बायकांना फक्त स्कर्ट मिळाला नाही. १९६३ मध्ये मताचा हक्क मिळाला. १९६७ मध्ये कुटुंब संरक्षण कायदा आला आणि नवऱ्याचा मनाला येईल तेव्हा तलाक देण्याचा हक्क गेला, प्रकरण कोर्टात न्यावं लागू लागलं. दुसरं लग्न करायचं तर कोर्टाची परवानगी. १९७५ मध्ये तो कायदा आणखी पक्का झाला. फर्रुखरू पारसा १९६८ मध्ये शिक्षणमंत्री झाल्या, इराणच्या पहिल्या महिला मंत्री. क्रांतीनंतर, मे १९८० मध्ये, त्यांना मृत्युदंड दिला.

११ फेब्रुवारी १९७९ ला क्रांती यशस्वी झाली आणि २६ फेब्रुवारीला क्रांतीचे नेते, धर्मगुरू खोमेनी यांच्या कचेरीने हा कुटुंब कायदा स्थगित केल्याचं जाहीर केलं. पंधरा दिवस! अर्थव्यवस्था, सैन्य, तेल सगळं पडलं होतं, आणि यांना आधी सुचलं काय तर तलाक. ८ मार्चला हजारो बायका तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या. त्यांत शहाविरुद्ध मोर्चे काढलेल्याही होत्या. तेव्हा तिथल्या डाव्या मंडळींनी त्यांना सांगितलं, 'आत्ता हा मुद्दा नको, आधी साम्राज्यवाद.' ओळखीचं वाटतंय ना?

म्हणून 'सुधारणा वरून लादल्या' हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, लादल्या कुणावर? नवऱ्यावर की बायकोवर?

टिंबटिंब

शेवंतीताई, शेवटच्या ओळीला दंडवत.

आडगावचा

शहरी लोक कपड्यांवर, आम्ही जमिनीवर.

शहाच्या सुधारणा-कार्यक्रमाचं नाव 'श्वेत क्रांती' (आपली दुधाची नव्हे). तिचा कणा होता जमीनसुधारणा. १९६२ पासून मोठ्या जमीनदाराला एक गाव ठेवता येईल, बाकी सरकारला विकायचं आणि ते कसणाऱ्या कुळांना द्यायचं, अशी सुरुवात झाली. ऐकायला झकास. पण जमीन मिळाली ज्याच्या नावावर कसण्याचा हक्क होता त्याला. गावातल्या भूमिहीन मजुरांच्या हाती काहीच पडलं नाही. आपल्या कुळकायद्यातही कुळाला मिळालं नि मजूर कोरडाच राहिला, तसंच. ज्यांना मिळाली त्यातल्या अनेकांचे तुकडे इतके लहान की पोट भरेना. त्यात जुना जमीनदार जुलमी असला तरी कनातींची, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या भुयारी पाटांची, देखभाल तो करायचा. तो गेल्यावर साफसफाई कुणी करायची?

मग सरकारला हुक्की आली मोठ्या यांत्रिक शेतीची. खुजेस्तानात देझ धरणाखाली हजारो हेक्टरांच्या कंपन्या परदेशी भागीदार घेऊन उभ्या केल्या. त्यासाठी ज्यांना नुकतीच जमीन दिली होती त्यांच्याकडूनच ती परत विकत घेतली! त्यातल्या बहुतेक कंपन्या तोट्यात गेल्या. शेतकरी गेला दक्षिण तेहरानच्या झोपड्यांत. १९७० च्या दशकात धान्य आयात करायची वेळ आली.

त्या झोपड्यांत त्याला ओळखीचं काय होतं? मोहल्ल्याची मशीद, मोहरमची मंडळी आणि गावाकडचा मुल्ला. धागाकर्त्याशी इथपर्यंत सहमत. पण सुधारणा निर्दोष होत्या म्हणाल तर नाही. जमिनीचं धोरणच चुकलं होतं, लोकशाहीत केलं असतं तरी चुकलंच असतं.

गच्चीवरचा_गप्पिष्ट

आडगावचा, लोकशाहीत चुकलं असतं, पण पुढच्या निवडणुकीत खासदार पडला असता. इथे पडायला कुणी नव्हतंच, म्हणून शहा पडला.

कर्वेनगरी

अवांतर. आमच्या लहानपणी पुण्यात इराणी विद्यार्थ्यांचा सुळसुळाट होता. आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोघे भाड्याने राहायचे. एक शहाचा भक्त, एक कट्टर विरोधक. खोली एक, पातेलं एक, भात एकत्र शिजायचा आणि तळाची खरपुडी कुणी खायची यावरून भांडायचे. राजकारणावर मात्र एकमेकांसमोर चकार शब्द नाही. पुढे कळलं की तेव्हा परदेशातल्या विद्यार्थ्यांवरही सावाकची, म्हणजे शहाच्या गुप्त पोलिसांची, नजर असायची. आपल्यातलाच कोण खबऱ्या असेल सांगता येत नाही, म्हणून मुकाट राहायचे.

बनमस्का

अवांतरात भर. मुंबईचा संबंध आणखी गमतीचा आहे. पहिला फारसी बोलपट 'दोख्तर-ए-लोर' १९३३ मध्ये मुंबईत बनला, 'आलम आरा' वाल्या अर्देशर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत. त्यात नायक-नायिका दरोडेखोरांच्या तावडीतून सुटून हिंदुस्थानात पळून येतात आणि शेवटी नव्या राजवटीत इराण सुधारल्याचं कळल्यावर परत जातात! म्हणजे रझा शहाच्या विकासाची जाहिरात आपल्या मुंबईत चित्रित झाली.

आणि कॅफेवाले इराणी हे शहामुळे आलेले नव्हेत, त्यांतले बरेच यझ्द-केरमानकडचे झरथुष्ट्री, काजार काळातल्या छळाला नि दुष्काळाला कंटाळून आलेले. पहलवी राजवट त्यांच्या लोकांना मानवली, कारण या बापलेकांना इस्लामपूर्व इराणचं भारी वेड.

चौकस_चिमणी

माझा बाळबोध प्रश्न. राजेशाही आणि तेल हेच कारण असेल, तर सौदी, कुवेत, ओमान इथले राजे कसे टिकले? तिथे तर नावालाही पक्ष नाहीत.

खडूस_मास्तर

बाळबोध अजिबात नाही, कळीचा प्रश्न आहे. सौदी राजघराणं धर्मगुरूंच्या खांद्याला खांदा लावून उभं राहिलं, त्यांना पगारी ठेवलं. इराणात तसं जमणारं नव्हतं.

शिया पंथात श्रद्धाळू माणूस 'खुम्स', म्हणजे वर्षाच्या शिलकीचा पाचवा हिस्सा, तो ज्या मोठ्या आयातुल्लाला (वरिष्ठ धर्मगुरूला) मानतो त्याच्याकडे थेट देतो. मध्ये सरकार नाही. त्या पैशावर कोम या धर्मनगरीतले मदरसे चालायचे, विद्यार्थ्यांना दरमहा पैसे मिळायचे. पैसा देणारा मुख्यतः बाजारातला व्यापारी. म्हणजे मुल्लाची चूल सरकारी तिजोरीवर पेटत नव्हती. तुम्ही त्याला अटक करा, हद्दपार करा, त्याचा पैसा चालूच. खोमेनी १९६४ पासून आधी तुर्कस्तानात, मग इराकात नजफला. चौदा वर्षं देशाबाहेर, पण शिष्यांचं जाळं शाबूत.

त्यात शहाने काय करावं? १९७३ नंतर तेलाचा भाव जवळपास चौपट झाला, पैसा धो धो आला, त्यामागून महागाई आली. शहाने खापर फोडलं बाजारावर. १९७५ मध्ये नफेखोरीविरोधी मोहीम काढली, विद्यार्थ्यांची पथकं दुकानादुकानांत घुसवली, हजारो व्यापाऱ्यांना दंड केले, तुरुंगात टाकलं. जो वर्ग मुल्लांना पोसत होता नि एरवी राजकारणात पडायला कचरत होता, त्यालाच उचलून त्यांच्या मांडीवर बसवलं.

झणझणीत_रस्सा

इतकं लांबड कशाला? १९५३ मध्ये अमेरिकेने मोसादेगना पाडलं तिथेच कहाणी संपली. बाकी तपशील.

मेघमल्हारी

रस्सा, हे वाक्य फार सोयीचं आहे. १९५३ मध्ये धर्मगुरू कुठे होते? आयातुल्ला काशानी आधी मोसादेगच्या बाजूने, नंतर फुटून विरोधात. कोमच्या मोठ्या धर्मगुरूंना तुदेह पक्षाच्या कम्युनिस्टांची धास्ती वाटत होती, राजा परवडला पण ते नकोत असा हिशोब. शहाचाही तोच हिशोब उलट बाजूने: डाव्यांना नि मोसादेगवाल्यांना ठेचा, मुल्ला निरुपद्रवी आहेत. म्हणजे मशिदीचं दार उघडं 'राहिलं' असं नाही, बराच काळ ते जाणून-बुजून उघडं ठेवलं होतं.

बिनसलं १९६३ मध्ये, जमीन आणि बायकांचा मताधिकार या दोन्हींवरून. खोमेनींना अटक, ५ जूनची दंगल, गोळीबार. पण एक बघा, १९६४ मध्ये त्यांना हद्दपार केलं ते कुठल्या भाषणावरून? इराणातल्या अमेरिकी लष्करी लोकांवर इराणी कोर्टात खटला चालणार नाही असा कायदा झाला, त्यावर कडाडून बोलले म्हणून. त्या भाषणाने धर्माशी देणंघेणं नसलेला माणूसही त्यांच्याकडे ओढला गेला. खोमेनी कच्चे राजकारणी नव्हते.

सांगलीकर_काकू

माझे मोठे दीर डॉक्टर. १९७६ मध्ये इराण सरकारने भारतातून पुष्कळ डॉक्टर नेले, त्यात तेही गेले, पश्चिमेकडच्या एका छोट्या गावात. पगार इथल्या कैक पट. ते सांगायचे ते लिहिते.

दवाखाना नवाकोरा, एक्स-रे मशीन जर्मनीचं, भिंतीवर शहा आणि शहाबानूचा, म्हणजे त्याच्या राणीचा, फोटो. पण मशीन चालवायला माणूस नाही आणि दुपारी वीज जायची. गव्हर्नर येणार म्हटल्यावर दवाखान्यापर्यंतचा रस्ता डांबरी झाला, त्यापुढे पेशंटच्या वस्तीपर्यंत चिखल तो चिखलच. कंपाउंडर पोरगा गावातला, साक्षरता दलातल्या शिपायाकडून लिहायला शिकलेला, शहानेच सुरू केलेलं ते दल. त्याला वाचता येऊ लागलं म्हणून तो फार खूश. आणि १९७८ मध्ये तोच पोरगा रात्री पत्रकं वाचून दाखवायचा, बाकी गाव ऐकायचं!

एकदा ते शेअर टॅक्सीने शहरात चालले होते. ड्रायव्हरने कॅसेट लावली. वर गूगूश या गायिकेचा फोटो चिकटवलेला. आतून गाणं नाही, म्हाताऱ्या माणसाचा एकसुरी आवाज, चढ नाही उतार नाही. गाडीतले पाचही जण गप्प. चेकपोस्ट आलं तशी ड्रायव्हरने कॅसेट बदलली, खरंच गूगूश सुरू झाली, शिपायाने मान डोलावली. पुढे गेल्यावर पुन्हा म्हातारा. दिरांना फारसी कामापुरतीच यायची. त्यांनी विचारलं, हे कोण? ड्रायव्हर म्हणाला, 'आगा, तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही झोपा.'

टिंबटिंब

काकू, वेगळा लेख येऊ द्या!

वाटाड्या

काकूंच्या कंपाउंडरला जोडून. कोममध्ये ठिणगी पडली ती ७ जानेवारी १९७८ च्या 'इत्तेलाआत' या वृत्तपत्रातल्या लेखाने. टोपणनावाने सरकारी आशीर्वादाने छापलेला, खोमेनींना ब्रिटिशांचा हस्तक आणि मूळचा हिंदुस्थानी ठरवणारा. (आजोबा खरंच बाराबंकीजवळच्या किंतूरचे होते. म्हणजे भय्या कनेक्शन!) आणि तारीख बघा, १९३६ च्या बुरखाबंदीचा वर्धापनदिन. ९ तारखेला विद्यार्थी रस्त्यावर, गोळीबार, मृत्यू.

इथून पुढचं गणित राजवाड्यातल्या कुणाला सुटलंच नाही. मेलेल्या माणसाचा चाळिसावा दिवस पाळायचा रिवाज. त्यावर बंदी कशी घालणार? चाळीस दिवसांनी तब्रीझमध्ये लोक जमले, दंगल, पुन्हा बळी. आणखी चाळीस दिवसांनी यझ्द. प्रत्येक गोळीबार पुढच्या मोर्चाची तारीख ठरवून देत होता. सभेची परवानगी नाही, पण शोक करायला कोण अडवणार? ऑगस्टमध्ये अबादानच्या रेक्स सिनेमाला बाहेरून दारं बंद करून आग लावली, चारशेच्या आसपास माणसं जळून मेली. पुढे बोट धर्मवेड्यांकडे दाखवलं गेलं, पण त्या दिवशी इराणभर लोकांनी एकच नाव घेतलं: सावाक. सरकारच्या शब्दाची पत संपली की असं होतं.

मराठी_बाणा_९६

तुम्ही सगळे सावाक सावाक करताय. १९७९ नंतर काय झालं? १९८८ मध्ये तर हजारो राजकीय कैदी फासावर चढवले. त्यापुढे शहा म्हणजे साधू. आपल्याकडे सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण आणलं, शाहू महाराजांनी आणलं. कुणी मतदान घेऊन विचारलं होतं? चांगला राजा असेल तर एकाधिकारशाही वाईट नाही.

शेवंती_डी

नंतरचे जास्त क्रूर निघाले यावर कुणाचंच दुमत नाही. पण शाहू महाराजांची तुलना नको. त्यांनी १९०१ पासून एकेका जातीची वसतिगृहं काढली, वेदोक्त प्रकरणात विरोध अंगावर घेतला, रस्त्यात कुणीही थांबवून बोलू शकेल असे वागले. त्यांच्या सुधारणांमागे सत्यशोधक चळवळ होती, माणसं होती. महंमद रझाच्या सुधारणांमागे कोण होतं? १९७५ मध्ये त्याने स्वतःचेच दोन पाळीव पक्ष मोडून एकच 'रस्ताखीझ' काढला आणि सांगितलं, सामील व्हा नाहीतर पासपोर्ट घ्या नि चालते व्हा. ज्या मध्यमवर्गाला त्याने शिकवलं त्यालाच हे ऐकवलं.

आडगावचा

आणि १९७६ मध्ये कॅलेंडर! लोक १३५४ सालात झोपले आणि २५३५ मध्ये उठले. प्राचीन इराणी सम्राट सायरसपासून वर्षं मोजायची म्हणे. पेरणी कधी करायची ते तरी तेच ठेवलं हे नशीब.

उलटा_चष्मा

सगळं वाचलं. धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्यालाच हात घालतो. दारं बंद होती म्हणून क्रांती झाली म्हणता, तर १९५७ ते १९७६ दारं गच्च बंद असताना ती का नाही झाली? झाली ती १९७७ मध्ये शहाने दार किलकिलं केल्यावर. कैदी सोडले, रेड क्रॉसला तुरुंग बघू दिले, वकील-लेखकांची उघड पत्रं सहन केली. १९७४ मध्ये कर्करोगाचं निदान झालेलं, गुपित ठेवलेलं, मुलगा लहान. गादी त्याच्या हाती नीट सोपवायची घाई. तुमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या आजोबांचं चुकलं कुठे? कडक राहिला असता तर टिकला असता.

गच्चीवरचा_गप्पिष्ट

चष्मा, हा धाग्यातला सगळ्यात अवघड प्रतिसाद. उत्तर देतो.

१९७७ मध्ये दार उघडलं तेव्हा आधी बाहेर आले कोण? मुल्ला नव्हे. वकील, लेखक, मोसादेगच्या नॅशनल फ्रंटचे म्हातारे पुढारी. ऑक्टोबरमध्ये तेहरानच्या गोएथे इन्स्टिट्यूटने दहा रात्री कवितावाचन ठेवलं, पावसात हजारो लोक भिजत बसले. म्हणजे इराणात सेक्युलर विरोधक नव्हते असं मुळीच नाही. पण अकराव्या दिवशी त्या हजारोंनी जायचं कुठे? त्यांचा एक पक्ष नाही, मोहल्ल्यात शाखा नाही, छापखाना नाही, वर्गणी गोळा करणारा माणूस नाही. पंचवीस वर्षं त्यांनाच तर खुडत आलेले. कोमकडे मात्र हजारो मशिदी, बाजाराचा पैसा आणि चाळिसाव्याची तारीख तयार. दार उघडण्यात चूक नव्हती. उशीर झाला, आणि उघडेपर्यंत घरात एकच भाडेकरू उरला होता.

आता कडकपणा. ८ सप्टेंबर १९७८ ला तेहरानच्या 'झाले' नावाच्या चौकात फौजेने गोळ्या घातल्याच की. नोव्हेंबरात लष्करी सरकार आणलं. पण तेलकामगार संपावर गेले. रणगाड्याने विहिरीतून तेल निघत नाही. आणि हे कामगार कुणी घडवले? आधुनिकीकरणानेच.

उलटा_चष्मा

तेलकामगारांचं मान्य. पण ६ नोव्हेंबरला टीव्हीवर येऊन 'तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला' म्हणायचं आणि त्याच आठवड्यात आपलेच जुने पंतप्रधान होवेदा यांना अटक करायची, याला तुम्ही उदारपणा म्हणता? सेनापतींनी काय समजायचं? हुकूमशहाने हुकूम द्यायचं थांबवलं की त्याच्या हाताखालच्या कुणालाच काही करता येत नाही. माझा मुद्दा तोच आहे.

मेघमल्हारी

चष्मा, हे तर धागाकर्त्याच्याच बाजूने झालं. एका माणसाच्या आजारपणाने अख्खं राज्य लुळं पडतं, यालाच तर एकाधिकारशाही म्हणायचं.

चौकस_चिमणी

मग शहाचा शेवटचा पंतप्रधान शापूर बख्तियार, त्याचं काय? तो तर मोसादेगचा माणूस होता ना? त्याच्यामागे सगळे सेक्युलर का नाही उभे राहिले?

वाटाड्या

कारण तो शहाने नेमलेला. पद स्वीकारल्याबरोबर नॅशनल फ्रंटने त्याला काढून टाकलं. ३७ दिवस मिळाले त्याला. तेवढ्यात त्याने सावाक बरखास्त करायचं ठरवलं, वृत्तपत्रं मोकळी केली, राजकीय कैदी सोडले. मोसादेगवाले वीस वर्षं जे मागत होते तेच. १६ जानेवारीला शहा विमानात बसला, १ फेब्रुवारीला खोमेनी उतरले. बख्तियार जाहीरपणे सांगत होता की मुल्लांची हुकूमशाही लष्करशाहीपेक्षा वाईट असेल. त्याच्याच जुन्या सहकाऱ्यांतले करीम संजाबी खोमेनींना पॅरिसला भेटून आले होते, पुढे परराष्ट्रमंत्री झाले आणि दोनेक महिन्यांत राजीनामा देऊन बाहेर पडले. बख्तियारचा १९९१ मध्ये पॅरिसजवळ राहत्या घरी खून झाला.

शेवंती_डी

संजाबींनी पॅरिसमध्ये खोमेनींशी जुळवून घेणाऱ्या निवेदनावर सही केली तेव्हा त्या निवेदनात बायकांच्या कायद्याबद्दल एक ओळही मागून घेतली नव्हती. शहाने दारं बंद केली हे कबूल. पण उघड्या दारातून आत जाताना आपण काय सोडून चाललोय हे विचारायचं काम शहाचं नव्हतं.